बाबांचा मोबाइल काढून घेऊ का?

पत्र थोडक्यात: हे वाचक यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचे. वय ३१, चाकणला कंपनीत नोकरी. आई-वडील गावी असतात, पाच एकर कोरडवाहू शेती आहे, बहीण दिग्रसला दिली आहे. मार्चमध्ये ६४ वर्षांच्या वडिलांना फोन आला: 'बँकेच्या हेड ऑफिसमधून बोलतोय. बँकांचं विलीनीकरण झालं, तुमची केवायसी जुनी आहे. आज संध्याकाळपर्यंत केली नाही तर खातं बंद होईल, किसानचा हप्ता थांबेल, कर्जाचं नवं-जुनंही (जुनं भरून नवं घेणं) होणार नाही.' पाठोपाठ व्हॉट्सॲपवर बँकेचं चिन्ह असलेली फाइल आली. वडिलांनी ती उघडली आणि तिच्यात एटीएम कार्डाचे आकडे भरले. तीन वेळा मिळून ८६,५०० रुपये गेले. ते कापसाचे आणि तुरीचे होते. वडिलांनी दोन दिवस कोणालाच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला आणि 'मी रागाच्या भरात नको ते बोललो', असं मुलगा लिहितो. मग १९३० वर तक्रार केली. ९,८०० रुपये कुठल्या तरी खात्यात अडवून ठेवल्याचं कळलं आहे. 'ओटीपी मी कोणालेच नाही सांगतला' असं वडील शपथेवर म्हणतात, मुलाला ते खरं वाटत नाही. तो फोन सध्या बंद करून कपाटात ठेवला आहे. आता वडिलांना साधा बटणांचा फोन द्यायचा, एटीएम आपल्याकडे घ्यायचं आणि खात्याचा सगळा कारभार चाकणहून आपणच बघायचा, असा त्यांचा विचार आहे. वडील म्हणतात, 'घेऊन जाय बाप्पा, मले नाही पाह्यजे तो फोन.' आईला मात्र हे पटत नाही. 'फारसं न शिकलेल्या माणसाच्या हातात स्मार्टफोन दिला, हीच माझी चूक झाली का?' असा त्यांचा प्रश्न आहे.

भाऊ, तुमच्या प्रश्नाकडे येतोच, पण आधी कपाटातल्या त्या फोनचं बघू. तो तसाच परत चालू करू नका. बाबांनी उघडलेली फाइल म्हणजे साधा कागद किंवा फोटो नव्हता. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असं असणार. ते एक अख्खं ॲप असतं. फोनमध्ये बसताना ते परवानग्या मागतं, त्यात मेसेज वाचायचीही एक असते. समोरचा फोनवरून 'येस दबाओ, आगे बढो' करत असतो आणि माणूस दाबत जातो. एकदा ती परवानगी मिळाली की फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडे जातो.

याचा अर्थ लक्षात घ्या. बाबा खरं बोलताहेत. त्यांनी ओटीपी कोणालाही सांगितला नाही. 'ओटीपी सांगू नका' हे आपण सगळ्यांनी त्यांना वर्षानुवर्षं बजावलं, बँकेच्या भिंतीवर लिहिलं, रेडिओवर ऐकवलं, आणि त्यांनी ते नेमकं पाळलं. चोरांनी तो ओटीपी सांगायची गरजच काढून टाकली होती. तुमच्या पत्रातल्या सगळ्यात मोठ्या समजुतीला इथेच तडा जातो, म्हणून मी यावर जास्त वेळ घेतोय. फसलेला माणूस खोटं बोलतोय असं घरच्यांना वाटलं की तो पुढचं काही सांगतच नाही. हा मजकूर वाचून झाल्यावर बाबांना फोन करा आणि 'ओटीपीचं तुमचं खरं होतं' एवढं त्यांना जरूर सांगा.

आता त्या फोनचं काय करायचं ते बघा. तो बंद असतानाच त्यातलं सिम काढा आणि तुमच्या किंवा बहिणीच्या फोनमध्ये टाका. फोनमधले फोटो वगैरे फारसे महत्त्वाचे नसतील तर फॅक्टरी रीसेट करून तो पूर्ण कोरा करा. हे काम गावी गेल्यावर स्वतः करा किंवा ओळखीच्या दुकानदाराकडून समोर बसून करून घ्या. त्या सिमवर कॉल फॉरवर्डिंग सुरू केलेलं नाही ना, हे सेटिंगमध्ये पाहा. बँकेचे फोन परस्पर दुसरीकडे वळवायची युक्तीही हे लोक करतात. ते एटीएम कार्ड अजून बंद केलं नसेल तर आजच करा आणि बँकेकडून नवीन घ्या. आणखी एक, बाबांच्या व्हॉट्सॲपवरून नातेवाइकांना, गावच्या ग्रुपवर तसलीच फाइल गेली आहे का, हे बहिणीला विचारायला सांगा. कित्येकदा ती पुढे अशीच पसरते. मग ती 'काकांच्या नंबरवरून' आलेली असते, त्यामुळे उघडणाऱ्याला शंकाही येत नाही.

तुम्ही लिहिता, फारसं न शिकलेल्या माणसाच्या हातात फोन दिला. शिक्षणाचा इथे संबंध असता तर मी तुमचंच म्हणणं उचलून धरलं असतं. पण 'तुमच्या गाडीचं चलान कापलं आहे, पावती बघा' अशा नावाची एपीके फाइल उघडून शिकलेली पोरंसुद्धा खातं रिकामं करून बसली आहेत. खोट्या पोलिसांनी केलेल्या 'डिजिटल अटके'त डॉक्टर आणि प्राध्यापक दिवसभर व्हिडिओ कॉलसमोर बसून राहिले आणि आयुष्याची पुंजी पाठवून मोकळे झाले. आपल्या कायद्यात अशी कुठली अटक नाही, तरीही. चोर माणसाचं शिक्षण बघत नाही, तो त्याची नड बघतो. चाकणच्या माणसाची नड वेगळी आणि तुमच्या बाबांची वेगळी.

बाबांची नड काय होती, हे त्यांच्या जागी बसून बघा. मार्चअखेर म्हणजे पीक कर्ज भरून नवं-जुनं करायचे दिवस. वेळेत भरलं तरच डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलतीचा लाभ मिळतो, हे आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असतं. केवायसी नाही म्हणून खातं होल्डवर पडणं हेही खोटं नाही. खऱ्या बँकेत ते घडतं, त्यासाठी तालुक्याला दोन-दोन खेपा होतात. पीएम किसानला ई-केवायसी, अतिवृष्टीच्या अनुदानाला केवायसी, लाडकी बहीणला केवायसी. विलीनीकरणही खरंच झालं आहे. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. त्याआधी १ एप्रिल २०२० ला अलाहाबाद, सिंडिकेट, आंध्र, कॉर्पोरेशन अशा जुन्या बँकांची नावं गेली. पासबुकं बदलली, आयएफएससी बदलले. त्या चोरानं बाबांना सांगितलेल्या गोष्टी एकेकट्या घेतल्या तर रोजच्या कानावरच्याच होत्या. खोटं फक्त एवढंच होतं की तो बँकेचा माणूस नव्हता.

तो हिंदीत बोलला असेल तर तेही इथे त्याच्या पथ्यावरच पडलं. आपल्याकडच्या शाखांमध्ये मॅनेजर, कृषी अधिकारी बहुतेक वेळा बाहेरच्या राज्यातले असतात आणि हिंदीतच बोलतात. शुद्ध हिंदीत, जरा दरडावून बोलणारा 'साहेब' आपल्या माणसाला खराच वाटतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला बँकेत नम्र होऊन उभं राहायची इतकी सवय झाली आहे की फोनवरच्या साहेबालाही तो 'थांबा' म्हणत नाही. हा दोष एकट्या बाबांच्या माथी मारू नका.

आता तुमच्या योजनेबद्दल. ती सगळीच चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. बटणांच्या फोनमध्ये एपीके बसत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू. पण त्यावरही फोन येतो, ओटीपी येतो, आणि 'जरा तो नंबर वाचून दाखवा' म्हणणाराही येतो. फसवणुकीचा एक दरवाजा बंद झाला, दुसरा तसाच उघडा राहिला. शिवाय बाबांच्या हातून काय काय जाईल याचा हिशेब तुम्ही केलेला दिसत नाही. ई-पीक पाहणी मोबाइलवर करावी लागते. ती नाही केली तर सातबाऱ्यावर पेरा चढत नाही, आणि पुढे नुकसानभरपाईला तोच पेरा लागतो. सीसीआयला, म्हणजे सरकारी खरेदीला, कापूस द्यायचा तर त्याची नोंदणीही आता ॲपवर आली आहे. स्मार्टफोन काढून घेतला की यातलं प्रत्येक काम बाबा गावातल्या कोणा पोट्ट्याच्या फोनवरून करून घेतील. आधार कार्ड त्याच्या हातात, पासबुकाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये, ओटीपीही त्यालाच सांगायचा. तुम्हाला वाटेल बाबा सुरक्षित झाले, आणि इकडे त्यांची सगळी कागदं गावभर फिरत असतील.

खात्याचा कारभार चाकणहून चालवायचा विचारही एकदा तपासून बघा. मृग लागला, कृषी केंद्रात बियाण्याच्या थैल्या घ्यायच्या आहेत, आणि पाच एकराचा मालक पैशासाठी मुलाला फोन लावतोय. तुम्ही शिफ्टमध्ये आहात, फोन लॉकरमध्ये आहे. असं दोनदा झालं की ते उधारीवर माल आणतील आणि तुम्हाला सांगणारही नाहीत. बाबा 'घेऊन जाय' म्हणाले ते संमती म्हणून धरू नका. ज्याला आत्ताच रागावलं गेलंय तो माणूस काहीही द्यायला तयार होतो. आईला पटत नाही, असं तुम्ही एका ओळीत उरकलं आहे. त्यांना का पटत नाही हे मात्र विचारलेलं दिसत नाही. विचारा.

आता मुख्य गोष्ट लिहितो, ती जरा झोंबेल. पैसे गेले त्या क्षणी बाबांना काहीतरी चुकलं आहे हे कळलं होतं. पैसे कापल्याचे मेसेज आले असतील, तो नंबर लागेनासा झाला असेल. तरी दोन दिवस ते गप्प राहिले. चोराची भीती आता कशाला वाटेल, तो तर निघून गेला होता. भीती तुमची होती. आणि या गुन्ह्यात ते दोन दिवसच महाग पडतात.

१९३० वर तक्रार गेली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला ताबडतोब कळवलं जातं आणि तिथे जेवढी रक्कम शिल्लक असेल ती अडवली जाते. पैसे तिथून पुढच्या खात्यात गेले असतील तर तोच निरोप पुढच्या बँकेला जातो. चोर हे जाणून असतात. म्हणून ते रक्कम भराभर चार-पाच खात्यांत फोडतात आणि कुठल्यातरी एटीएममधून काढून घेतात. पहिल्या तासाभरात तक्रार झाली तर बरंच हाती लागू शकतं, तिसऱ्या दिवशी उरलेलं सुरलेलं. तुमचे ९,८०० सापडले ते अशा उरलेल्यातले. शेतात साप चावला तर आपण माणसाला आधी दवाखान्यात नेतो, 'धुऱ्यावर अनवाणी काऊन गेलता' हे नंतर विचारतो. पैशाच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो, आधी झाडतो. म्हणून माणसं लपवतात. तुमच्या घरात यापुढे कोणता फोन असावा यापेक्षा 'माझ्याकडून असं झालं' हे पहिल्या पाच मिनिटांत कोणाला सांगता येईल, याची सोय करणं जास्त गरजेचं आहे.

आणि तो माणूस तुम्ही नसलात तरी चालेल. बाबांना तुमचा धाक वाटतो, हे मान्य करून पहिला फोन दिग्रसच्या बहिणीला करायचं ठरवा. ती काही विचारत न बसता १९३० लावेल, मग बँकेला फोन करून खातं आणि कार्ड बंद करेल, आणि मग तुम्हाला कळवेल. १९३० लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तीच तक्रार नोंदवता येते. पैसे कधी गेले, किती गेले, बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक काय, एवढं हाताशी लागतं. हे बहिणीला आत्ताच करून दाखवा. ज्या घरात मुलगी-जावई जवळ नाहीत तिथे शेजारचा पुतण्या, बचत गटांचं काम बघणारी ताई (सीआरपी), शाळेतले गुरुजी, कोणीही चालेल. फक्त तो माणूस रागावणारा नसावा आणि त्याचं नाव आधीच ठरलेलं असावं.

बाबांना काय शिकवायचं? एकच गोष्ट. खरा फोन कोणता आणि खोटा कोणता हे ओळखायला त्यांना शिकवू नका. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो: बँकांनी आपल्या सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे, आणि बँकांच्या संकेतस्थळांची नावं आता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतात. हे उपयोगाचं आहेच. पण शेतातून घरी येताना, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन असलेल्या माणसानं आकडे तपासावेत ही अपेक्षा मला बरोबर वाटत नाही. त्यापेक्षा नियम असा करा की समोरून आलेल्या फोनवर बँकेचं कुठलंच काम करायचं नाही. फोन खरा असला तरीही नाही. 'साहेब, मी शाखेतच येतो' म्हणायचं आणि ठेवायचं. तो ओरडेल, खातं बंद करतो म्हणेल, मोठ्या साहेबांना फोन देतो म्हणेल. तरी ठेवायचं.

बाबा विचारतील, 'अन् खरंच बंद झालं तं?' त्यांच्या या भीतीला नीट उत्तर द्या, 'काही होत नाही' म्हणून उडवून लावू नका. केवायसीसाठी खातं थांबलं तरी त्यातला पैसा कुठे जात नाही. आधार, पॅन, फोटो घेऊन शाखेत गेलं की ते सुरू होतं. कर्जाचं नवं-जुनं तर शाखेत गेल्याशिवाय होतच नाही, तिथे सह्या लागतात. म्हणजे फोन ठेवल्यानं फार तर एक खेप वाढेल. याच्यापुढे ८६,५०० रुपये ठेवून बघायला सांगा.

काही जण घरच्यांची परीक्षा म्हणून मुद्दाम खोटा फोन करून बघतात. तसं अजिबात करू नका. बाबा आधीच शरमिंदे झाले आहेत, त्यात तुम्ही त्यांना पकडलंत तर ते कायमचे तुटतील. त्याऐवजी फोनवर बोलताना गावातली हकीकत विचारा, कोणाला असा फोन आला होता का, तो काय म्हणाला. चोराच्या नवनव्या थापा कळायला पारावरच्या गप्पांसारखी दुसरी जागा नाही.

पैशाची मांडणी बदलणं मला फोन बदलण्यापेक्षा जास्त कामाचं वाटतं. बाबांचं दुसरं एक बचत खातं उघडा. त्याचं एटीएम घेऊ नका, त्याला यूपीआय जोडू नका, मोबाइल बँकिंग सुरू करू नका. आधार जोडलेलं जे खातं आहे, ज्यात किसानचा हप्ता, अनुदान, सीसीआयचे चुकारे येतात, ते रोजच्या वापराला राहू द्या. पण मोठी रक्कम आली की चार-आठ दिवसांत ती शाखेतून त्या दुसऱ्या खात्यात वळती करायची किंवा तिची मुदत ठेव करायची. मग उद्या कोणी पहिल्या खात्यापर्यंत पोहोचला तरी त्याच्या हाती पाच-सात हजारांवर काही लागणार नाही. जुन्या पिढीच्या लोकांना ही व्यवस्था लगेच पटते, कारण घरात पैसे ठेवतानाही ते सगळे एका जागी कधीच ठेवत नाहीत. नव्या एटीएम कार्डावरचा ऑनलाइन वापर बंद ठेवायला सांगा. कार्डावरचे असे वापर चालू-बंद करायची सोय बँकांना द्यावीच लागते. मग मशिनमधून पैसे निघतील, पण कार्डाचे आकडे कुठे भरून निघणार नाहीत. अंगठ्यानं पैसे निघतात त्याचीही काळजी वाटत असेल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक आहे. पण रेशनच्या दुकानात अंगठा लागतो, बँक मित्राकडेही लागतो, त्यामुळे गावात ते कायम लॉक ठेवणं जमत नाही. मोठी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणं त्यापेक्षा सोपं.

एटीएम तुमच्याकडे घेऊ नका. संयुक्त खातं करायचंच असेल तर आईच्या नावानं करा. गावातल्या खात्यावर गावातलाच दुसरा माणूस असावा. आईंचा फोनही विसरू नका. लाडकी बहीणच्या दीड हजाराच्या केवायसीच्या नावानं उद्या त्यांनाच फोन येईल, आणि त्या वेळी बाबा त्यांना सावध करणारे असतील. नीट वागवलंत तर याबाबतीत आता तुमच्या घरात सगळ्यात जाणकार माणूस तेच आहेत.

गेलेल्या पैशाचं म्हणाल तर खोटी आशा दाखवत नाही. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असा नियम घालून दिला. खातेदाराचा दोष नसेल, बाहेरच्या कोणी परस्पर पैसे काढले असतील आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान खातेदारावर येत नाही. खातेदारानं स्वतःच माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा, कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं. बाबांनी कार्डाचे आकडे भरले, त्यामुळे बँक निष्काळजीपणावर बोट ठेवणार हे धरून चाला. पण खातेदाराचा दोष होता हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे, आणि मेसेज चोरणारं ॲप टाकून ओटीपी पळवला हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. म्हणून अर्जात 'फसवणूक झाली' एवढंच लिहून थांबू नका. फाइल कशी आली, ओटीपी कोणालाही सांगितलेला नाही, किती वाजता किती गेले, हे सगळं लिहा. १९३० चा पावती क्रमांक जोडा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का घ्या. नुसतं तोंडी सांगून उठू नका. बँकेला अर्ज देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. १४४४८ वर त्याची माहिती मिळते.

अडवलेले ९,८०० आपोआप खात्यात येतील अशी वाट बघत बसू नका. त्यासाठी पोलिसांकडे पाठपुरावा करावा लागतो, आणि काही वेळा न्यायालयात अर्जही करावा लागतो. ठाण्यात जाऊन तक्रार कुठवर आली ते विचारा. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. पात्र माणसाला तिथे वकील मोफत मिळतो, १५१०० हा त्यांचा क्रमांक.

आता पुढच्या काही आठवड्यांत आणखी एक फोन येण्याची शक्यता आहे. 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, सोडवायला थोडी फी भरा.' फसलेल्यांची यादी हे लोक पुन्हा वापरतात. पैसे परत मिळवण्यासाठी पैसे मागणारा प्रत्येक जण चोर आहे, हे घरात तिघांनाही सांगून ठेवा. आणि गूगलवर 'बँक कस्टमर केअर' शोधून मिळालेला नंबर लावू नका, तिथेही चोरांनी आपले नंबर पेरलेले असतात. एटीएम कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो तोच खरा.

गावासाठीही एक लिहितो, कारण हे तुमच्या घरापुरतं नाही. बाबांचे पैसे ज्या खात्यांतून गेले ती खाती कोणा तरी गरिबाचीच असणार. 'तुझं पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिन्याला दोन-तीन हजार देतो' म्हणत गावात फिरणारे असतात. सोयाबीनचा भाव पडलेला, हाताला काम नाही, पोरं देऊन टाकतात. पुढे चोर राहतो दूर आणि पोलीस त्या पोराच्या दारात येतात. खातं गोठतं, नाव गुन्ह्यात येतं. तुमच्या मित्रांपैकी कोणी असं खातं दिलं असेल तर त्याला आजच बँकेत जाऊन ते बंद करायला सांगा. ग्रामसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत पोलीस पाटलांकरवी हा विषय निघाला तर बरं होईल.

पुढच्या सुटीत गावी जाल तेव्हा बँकेत एकटे जाऊ नका. खातेदार बाबा आहेत, अर्जावर सही त्यांची लागते. काय झालं हे मॅनेजरला त्यांनाच सांगू द्या, मधे तोंड घालू नका. तुम्ही अर्जाच्या दोन्ही प्रती घेऊन शेजारी बसा आणि शिक्का मिळाल्याशिवाय उठू नका.